ट्रम्पेटवाल्याचे नाव काय?

आज ३० एप्रिल, आंतरराष्ट्रीय जॅझ दिन. युनेस्कोने २०११ साली ही तारीख मुक्रर केली आणि २०१२पासून जगभर हा दिवस पाळला जातो. त्याचे पनवेलला काय, असा प्रश्न कोणी विचारला तर तो गैर नाही. उद्या महाराष्ट्र दिन, उद्याच कामगार दिन, त्यात लग्नसराई ऐन भरात. जॅझ म्हणजे कुलाब्याकडच्या, जेवताना काटे-चमचे वापरणाऱ्या मंडळींचा छंद, अशी आपली जुनी समजूत आहे. ती किती पोकळ आहे हे बघायला कुलाब्याला जावे लागत नाही. पनवेल-उरण पट्ट्यातल्या कोणत्याही आगरी किंवा कोळी घरच्या हळदीला जावे. मांडवासमोर ब्रास बँड उभा असतो. ट्रम्पेटवाला गाल फुगवून, तीन पिस्टनांवर बोटे नाचवत कोळीगीत संपवतो आणि श्वासही न घेता पन्नासच्या दशकातल्या एखाद्या हिंदी गाण्यात शिरतो. वऱ्हाडी ज्या तुकड्यावर सर्वांत जास्त उसळतात, तो बहुतेक वेळा गाण्याचा मुखडा नसतोच. दोन कडव्यांच्या मध्ये पितळी वाद्यांची जी फेक येते, तो तुकडा असतो. तो तुकडा कोणी बांधला, हे वाजवणाऱ्याला ठाऊक नसते आणि नाचणाऱ्याला त्याची गरज नसते.

त्या तुकड्यांमागच्या माणसांपैकी एकाचे नाव चिक चॉकलेट. बाप्तिस्म्याचे नाव आंतोनियो शावियेर वाझ. जन्म १९१६चा, गोव्यातल्या बार्देशमधल्या हळदोण्याचा. पोर्तुगीज अमदानीत गोव्यातल्या चर्चशी जोडलेल्या शाळांतून पोरांना संगीत शिकवले जाई. प्रार्थनेला गाणारे आणि वाजवणारे हवेत, एवढाच त्यामागचा हेतू. पण त्याचा परिणाम असा झाला, की शेतकऱ्याचे, पाववाल्याचे, खलाशाचे पोरही स्वरलिपी वर्तमानपत्रासारखी वाचू लागले. समोर कागद ठेवा, पोरगा व्हायोलिन उचलणार आणि वाजवणार. उर्वरित हिंदुस्थानात त्या काळी ही विद्या संस्थानांचे आणि लष्कराचे बँड सोडले तर फारशी कुठे नव्हती. गोव्यात मात्र ती गावोगाव होती आणि पोट भरण्याची साधने मात्र गावोगाव नव्हती. मग जे कोकणी माणसाचे झाले तेच गोवेकराचे झाले. तो मुंबईला निघाला. आपला चाकरमानी गिरणगावात गेला, गोव्याचा धोबीतलाव-माझगावच्या ‘कुडां’त उतरला. कूड म्हणजे गावाच्या नावाने चालणारी सामाईक खोली. एका ट्रंकेपुरती जागा, भिंतीवर सायबिणीची, म्हणजे मेरीमातेची, तसबीर आणि रात्री सर्वांनी मिळून म्हणायची प्रार्थना. आज मुंबई-गोवा महामार्ग पनवेलमधून सुरू होतो आणि गणपतीच्या दिवसांत त्यावरची कोंडी आपण दरवर्षी सोसतो. या वाटेने दोन्ही टोकांच्या माणसांनी काय काय वाहून नेले आणि आणले, याचा हिशेब मात्र कधी मांडला गेला नाही.

हळदोण्याचा आंतोनियो मुंबईत आला तेव्हा शहरात नवे वारे होते. १९३५ साली लिऑन अ‍ॅबी या कृष्णवर्णीय अमेरिकन व्हायोलिनवादकाचा ताफा ताजमहाल हॉटेलात आला. पाठोपाठ क्रिकेट स्मिथ या मुरलेल्या ट्रम्पेटवादकाने आणि पियानोवादक टेडी वेदरफोर्डने इथे बस्तान बसवले. (वेदरफोर्ड पुढे कलकत्त्यात पटकीने गेला, १९४५ साली.) मायदेशात वर्णभेदाचे चटके सोसलेले हे लोक परदेशात मानाने वाजवत होते आणि त्यांच्या ताफ्यांत रिकाम्या जागा भरायला गोव्याची पोरे जात होती. चर्चमध्ये कागदावर लिहिलेले जसेच्या तसे वाजवायला शिकलेल्या या पोरांना इथे उलटे शिकावे लागले. कागद बाजूला ठेवायचा, ठेका किंचित मागे ओढायचा, स्वर वाकवायचा आणि ऐन वेळी सुचेल ते वाजवायचे. आपल्या मैफलीच्या कानाला यात नवल काहीच नाही. त्या पोरांना मात्र चर्चच्या शिस्तीतून बाहेर पडून हे साधावे लागले.

चिकने ते असे साधले, की त्याला लोक हिंदुस्थानचा लुई आर्मस्ट्राँग म्हणू लागले. तशीच खरखरीत आवाजातली गाणी, तोच घाम टिपायचा हातरुमाल, तसेच वरच्या पट्टीत चढत जाणारे ट्रम्पेट. १९४०च्या दशकात अपोलो बंदरावरचे ग्रीन्स हॉटेल आणि पुढे ताज इथे त्याच्या वाद्यवृंदाचा दबदबा होता. आज कोणी याला नुसती नक्कल म्हणून नाके मुरडील. आम्हाला ते पटत नाही. घराण्याचा शागीर्द पहिली काही वर्षे गुरूचा खोकलासुद्धा उचलतो, तेव्हा आपण त्याला तालीम म्हणतो. चिकचा गुरू सात समुद्रांपलीकडे होता आणि तालीम ग्रामोफोनच्या तबकडीवर चालली होती, एवढाच काय तो फरक. उचलले त्याचे पुढे काय केले, हा खरा सवाल. त्याचे उत्तर ताजच्या नाचघरात सापडत नाही, ते ताडदेव-दादरच्या स्टुडिओंत सापडते.

स्वातंत्र्य आले, गोरे साहेब गेले. मुंबई प्रांतात दारूबंदी आली आणि १९४९च्या कायद्याने ती पक्की झाली. पेल्यांवर चालणारी नाचघरे कोरडी पडली, तेव्हा वादकांना दिवसा दुसरा धंदा शोधणे भाग पडले. हिंदी सिनेमाला नेमके त्याच वेळी मोठे वाद्यवृंद हवे होते. दारूबंदीचा आग्रह धरणाऱ्या मोरारजीभाई देसाईंच्या संगीतसेवेची नोंद कुठे झालेली नाही, पण दारूबंदीने हिंदी चित्रपटगीताला जेवढे कसबी वादक मिळवून दिले तेवढे कोणत्या अकादमीने दिले नसतील.

इथे आपल्या माणसाचा प्रवेश होतो. सी. रामचंद्र म्हणजे रामचंद्र नरहर चितळकर, जन्म नगर जिल्ह्यातल्या पुणतांब्याचा, शास्त्रोक्त शिक्षण विनायकबुवा पटवर्धनांकडचे. या मराठी गृहस्थाच्या कानाला पाश्चात्त्य ठेक्याची विलक्षण ओढ होती. १९४७च्या ‘शहनाई’तल्या रविवारच्या गाण्याने त्याची चुणूक दाखवली. चिक चॉकलेट त्यांचा साहाय्यक झाला आणि १९५०च्या ‘समाधी’त दोघींच्या थट्टेचे जे गाणे आहे, त्यात लॅटिन अमेरिकी ठेका असा बेमालूम बसला की तो परका आहे हे आज सांगावे लागते. मग १९५१ साली ‘अलबेला’ आला. निर्माता, दिग्दर्शक, नायक सगळे भगवान पालव, म्हणजे गिरणीकामगाराचा मुलगा. संगीत पुणतांब्याच्या चितळकरांचे. आणि पडद्यावर, एका नाचगाण्यात, झालरीच्या बाह्यांचे सदरे घातलेला वाद्यवृंद घेऊन खुद्द चिक चॉकलेट. तो सिनेमा पुन्हा पाहण्याचा योग आला तर भगवानदादांच्या पायांवरून क्षणभर नजर काढून मागच्या त्या ट्रम्पेटवाल्याकडे बघावे. या माणसाचे हात सिनेमातले नट हलवतात तसे हलत नाहीत. बोट पिस्टनवर पडते तिथेच स्वर येतो. भगवानदादांची ती पावले पुढे गणपतीच्या मिरवणुकांनी उचलली, आजही उचलतात. म्हणजे हार्लेमचा ठेका हळदोण्यामार्गे परळच्या विसर्जनात येऊन मिसळला आणि त्यासाठी कोणाची परवानगी लागली नाही.

चिकने स्वतंत्रपणे संगीत दिलेले चित्रपट मोजकेच. देव आनंद आणि मधुबालाचा ‘नादान’ (१९५१) त्यातला एक, ‘कर भला’ (१९५६) दुसरा. मदनमोहन यांच्याकडेही त्याने काम केले. १९६७ साली, पन्नाशी ओलांडली न ओलांडली तोच, तो गेला.

साहाय्यक, अरेंजर, संयोजक या शब्दांखाली नेमके कोणते काम चालते, हे जरा सविस्तर सांगायला हवे. कारण श्रेयाचा सगळा घोळ तिथेच आहे. संगीतकार पेटीवर चाल बसवतो, गाऊन दाखवतो. ही चाल म्हणजे गाण्याचा जीव, यात वाद नाही. पण तबकडी तीन-सव्वातीन मिनिटांची. तिच्या सुरुवातीला काहीतरी वाजायला हवे, कडव्यांच्या मध्ये वाजायला हवे, गायिका दम घेते तेवढ्या फटीतही काहीतरी डोकावायला हवे. ते काय असावे, कोणत्या वाद्याने वाजवावे, किती व्हायोलिने, त्यांतली किती वर आणि किती खाली, याचा आराखडा अरेंजर कागदावर उतरवतो. कधी संगीतकार तो तुकडाही गुणगुणून देतो, कधी नुसते सांगतो की इथे जरा वादळ उठवा. वादळाचे स्वर मग अरेंजरने शोधायचे.

त्यातही ट्रम्पेटची गंमत वेगळी. हे वाद्य बी फ्लॅटचे. त्यावर ‘सी’ म्हणून जो स्वर वाजवला जातो तो कानाला एक पूर्ण स्वर खाली ऐकू येतो. म्हणून पेटीवर गाणे काळी एकमध्ये बसले, तर ट्रम्पेटवाल्याच्या आणि क्लॅरिनेटवाल्याच्या कागदावर ते काळी दोनमध्ये लिहावे लागते. आल्टो सॅक्सोफोन ई फ्लॅटचा, त्याच्यासाठी तेच गाणे काळी पाचमध्ये. व्हायोलिनला जसेच्या तसे. म्हणजे एकाच गाण्याचे तीन पट्ट्यांतले कागद एकाच हाताने, बहुतेक वेळा आदल्या रात्री, लिहायचे. सकाळी गायिका येते आणि म्हणते, आज घसा जड आहे, अर्धा स्वर खाली घेऊ. की सगळे कागद पुन्हा. त्या काळात ध्वनिमुद्रण सगळ्यांचे एकत्र, एका दमात होत असे. शेवटच्या ओळीत एका ट्रम्पेटचा स्वर फाटला तर गायिका, सत्तर वादक, तबला, ढोलक, सगळ्यांनी पुन्हा पहिल्यापासून. ट्रम्पेटचा स्वर तर ओठांच्या कातडीवर अवलंबून. सहाव्या-सातव्या टेकला ओठ सुजलेले असत आणि वरचा स्वर मात्र पहिल्या टेकसारखाच लखलखीत हवा असे.

हे करणाऱ्याला मिळे ठरलेल्या पाळीचा मेहनताना. रॉयल्टी नाही, तबकडीवर नाव नाही. पडद्यावर ‘साहाय्यक’ या शीर्षकाखाली चार नावांत नाव आले तर आले. ते कागद ध्वनिमुद्रण संपल्यावर स्टुडिओतच राहत आणि रद्दीत जात. राग-रागिण्यांच्या बंदिशींच्या वह्या जिवापाड जपणाऱ्या आपल्या प्रांताने हिंदी गाण्यांच्या या मूळ वह्या किलोवर जाऊ दिल्या. कोणी मुद्दाम केले नाही. ते जपण्यासारखे काही आहे असे कोणाला वाटलेच नाही, आणि तेच जास्त लागते.

फ्रँक फर्नांड यांची कथा याच धाग्यातली, पण तिला वेगळे वळण आहे. मूळ नाव फ्रँकलिन फर्नांडिस, जन्म १९१९, दक्षिण गोव्यातल्या कुडचड्याचा. तेही ट्रम्पेटवादक, तेही विदेशी उस्तादांच्या ताफ्यांत तयार झालेले. चाळिसाच्या दशकात गांधीजींच्या प्रभावाखाली त्यांना एक प्रश्न पडला: आपण जे वाजवतो त्यात आपल्या मातीचे काय? जॅझच्या साच्यात हिंदुस्थानी राग घालून बघण्याचा त्यांचा ध्यास तेव्हापासूनचा. अमेरिकेत आणि युरोपात अशा संकराचे कौतुक साठच्या दशकात सुरू झाले. मुंबईतला हा माणूस आधीच त्या वाटेवर होता, फक्त त्याच्यामागे ध्वनिमुद्रिकांची कंपनी नव्हती. पुढे अनिल विश्वासांपासून अनेक संगीतकारांसाठी त्यांनी संयोजन केले आणि चित्रसृष्टीत कमावलेले पैसे कोंकणी चित्रपटात घातले. ‘आमचें नशीब’ १९६३चा, ‘निर्मोण’ १९६६चा. गोवा नुकताच मुक्त झालेला, कोंकणी ही भाषा आहे की मराठीची बोली यावर रणे माजलेली, आणि हा मुंबईचा अरेंजर त्या भाषेत सिनेमे काढत होता, त्यांचे संगीतही देत होता. ‘निर्मोण’ची कथा राजश्रीने उचलली आणि १९६७ साली तिचा हिंदी ‘तकदीर’ झाला. गोवा महाराष्ट्रात विलीन करण्याच्या तेव्हाच्या वादात मराठी वृत्तपत्रांनी, आमच्या पिढीआधीच्या अग्रलेखकारांनी, कोंकणीबद्दल जे जे लिहिले ते आज वाचवत नाही. त्याच वेळी आपण ज्या गाण्यांवर जीव टाकत होतो त्यांच्या मधल्या जागा कोंकणी माणसे भरत होती, हे त्या अग्रलेखांत कुठे नाही. फ्रँकबाब २००७ साली गेले.

बाकीची नावे भराभर घेतो. सेबॅस्टियन डिसूझा, शंकर-जयकिशन यांच्या भरजरी वाद्यमेळामागचा हात, फाळणीपूर्वी लाहोरच्या हॉटेलात वाजवणारा. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस, प्यारेलाल यांचे गुरू. त्यांनी १९५८ साली सेंट झेवियर्स कॉलेजच्या आवारात भारतीय वादक-गायकांचा मोठा सिम्फनी वाद्यवृंद उभा केला, त्यात लता मंगेशकर आणि मन्ना डे गायले. देशाला त्यांचे नाव माहीत आहे ते १९७७च्या ‘अमर अकबर अँथनी’तल्या विनोदी गाण्यामुळे. शिष्याने गुरूला वाहिलेली ती आदरांजली होती, पण लोकांनी ते नाव एका अंड्यातून बाहेर येणाऱ्या अमिताभचे समजले. आणि मडगावच्या बोर्ड्याचे ख्रिस पेरी, ट्रम्पेट आणि सॅक्सोफोन दोन्हींवर हुकमत असलेले. गायिका लोर्ना यांच्या आवाजात त्यांनी कोंकणी गाण्याला जी जॅझची झिंग दिली, ती गोव्यात अजून उतरलेली नाही.

अलीकडे या विषयावर इंग्रजीत चांगले काम झाले. नरेश फर्नांडिस यांचे ‘ताज महाल फॉक्सट्रॉट’ (२०१२) आणि ग्रेगरी बूथ यांचे चित्रपट-वादकांवरचे पुस्तक यांनी बरेच काही विस्मृतीतून वर काढले. मात्र त्याचा एक उलटा परिणामही दिसतो. गाण्यांच्या दर्दी मंडळींत आता असे म्हणणारे निघाले आहेत, की संगीतकार नुसते पेटी बडवत बसत, खरे संगीत गोवेकरांनीच दिले. हे साफ खोटे आहे. मदनमोहन यांची गझल किंवा चितळकरांची एखादी लोरी घ्या, त्यांतली सारी वाद्ये काढून टाका, चाल तरीही उभी राहते. अरेंजरचे काम मोठे ठरवायला संगीतकाराला लहान करावे लागत असेल, तर ते कामच आपल्याला कळलेले नाही. चालीने माणूस गुणगुणतो आणि संयोजनाने नाचतो. हळदीच्या मांडवात ज्यांनी रात्र जागवली आहे त्यांना यातला फरक पायांनी ठाऊक असतो.

मराठीचा हिशेब किंचित बरा. अनिल मोहिले यांच्यासारख्याचे नाव कॅसेटच्या वेष्टणावर ‘संगीत संयोजन’ म्हणून छापले गेले, रसिकांच्या तोंडी बसले. पण ऐंशीच्या दशकात सिंथेसायझर आला, मग एकेकाने वेगवेगळ्या वेळी येऊन आपापला ट्रॅक भरण्याची पद्धत आली, आणि साठ-सत्तर वादकांचा स्टुडिओ रिकामा झाला. ट्रम्पेट उरले ते लग्नाच्या बँडात. तिथे वाजवणाऱ्याला आपण ‘बँडवाला’ म्हणतो आणि जेवणाच्या पंगतीत शेवटी बसवतो. आज आपल्याकडचे बहुतेक बँडवाले मोबाइलवर गाणे लावून, ऐकून ऐकून तुकडा उचलतात. त्यांच्यातल्या ज्या तरुणाला स्वरलिपी वाचायची आहे त्याने कुठे जावे? पालिकेच्या शाळांत चित्रकला आहे, कवायत आहे. हळदोण्याच्या चर्चने शंभर वर्षांपूर्वी पाववाल्याच्या पोराला जे फुकट दिले, ते रायगड जिल्ह्यातली पहिली महानगरपालिका म्हणवणाऱ्या पनवेलला २०१६पासून आजवर सुचलेले नाही. एक शिक्षक, दहा जुनी वाद्ये आणि संध्याकाळी रिकामी असलेली एक खोली, एवढाच खर्च आहे.

दुसरी मागणी बिनखर्चाची. आद्य क्रांतिवीर वासुदेव बळवंत फडके नाट्यगृहात जुन्या हिंदी-मराठी गाण्यांचे कार्यक्रम होतात आणि तिकिटे खपतात. प्रत्येक गाण्याआधी निवेदक गायक सांगतो, गीतकार सांगतो, संगीतकार सांगतो, नायिकेच्या साडीचा रंगही सांगतो. त्या यादीत एक ओळ वाढवायला हरकत नसावी. ‘अलबेला’चे गाणे आले की गीतकार राजेंद्र कृष्ण, संगीतकार सी. रामचंद्र आणि त्यांचे साहाय्यक, ट्रम्पेटवर, चिक चॉकलेट, गाव हळदोणे. आणि मग रंगमंचावर त्या रात्री जो ट्रम्पेट वाजवणार आहे, त्याचेही.